जार, चीक आणि नोबेल

२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना जाहीर झाले, तेव्हा बहुतेक बातम्यांचा रोख संधिवात, टाइप-१ मधुमेह आणि कर्करोगाकडे होता. तो योग्यच होता. पण प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या ज्या नियामक टी-पेशींसाठी हा सन्मान मिळाला, त्यांचे एक मोठे काम गर्भाशयात चालते आणि त्याबद्दल फार कमी छापून आले. गर्भाचे निम्मे गुणधर्म बापाकडून आलेले असतात, म्हणजे आईच्या शरीराच्या लेखी तो निम्मा परकाच. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर ते नाकारले जाऊ नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. मग हा निम्मा परका जीव आई नऊ महिने कशी सांभाळते? पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये हा प्रश्न नीट मांडला आणि तिथून प्रजनन-प्रतिकारशास्त्राची वाट सुरू झाली. २००४ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले, की माद्यांमधल्या नियामक टी-पेशी काढून टाकल्या, तर वेगळ्या वाणाच्या नरापासून राहिलेले गर्भ टिकत नाहीत. त्याच वाणाच्या नराचे मात्र टिकतात.

वऱ्हाडातल्या मुलांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट त्याही आधीची आहे, आणि ती गोठ्यातली आहे.

रे ओवेन हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या दुग्धव्यवसायी शेतकऱ्याचा मुलगा. गुरांच्या रक्तगटांवर तो काम करत होता. मेरीलँडच्या एका पशुपालकाकडून एक चमत्कारिक हकीगत आली. त्याची गर्न्सी जातीची गाय आधी गर्न्सी वळूने फळवली होती. त्याच दिवशी कुंपण तोडून आलेला हेरफोर्ड वळूही तिच्यावर गेला. गाय जुळी व्याली. कालवड गर्न्सीसारखी, तर गोऱ्हा हेरफोर्डसारखा पांढऱ्या तोंडाचा. बाप दोन, हे उघड होते. ओवेनने दोन्ही वासरांचे रक्त तपासले, तर दोघांच्याही रक्तात दोन्ही बापांच्या खुणा सापडल्या. गाईच्या पोटात जुळ्यांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, त्यातून रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींची अदलाबदल होते आणि त्या परक्या पेशी पुढेही सुखाने नांदतात. हा शोधनिबंध १९४५ मध्ये छापून आला. मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळ्या वासरांवर एकमेकांच्या कातडीचे कलम करून पाहिले, तेव्हा तीही टिकली. त्यांच्या पुढच्या कामावर १९६० चे नोबेल उभे राहिले. ते बर्नेट आणि मेडावार यांना मिळाले, ओवेनला नाही. ओवेनचाही त्यात वाटा असायला हवा होता, असे मेडावार यांनीच त्याला पत्राने कळवले होते.

पशुवैद्यकांना याची दुसरी बाजू रोजच्या कामात दिसते. गोऱ्ह्यासोबत जन्मलेली जुळी कालवड बहुतेक वेळा वांझ निघते. त्यामागे हेच जोडलेले रक्त असते.

आता जारेकडे येऊ. गाय व्याली, की जार काही तासांत पडायला हवी. बारा तास उलटले तरी पडली नाही तर ती अडकली असे धरतात, आणि पुढे ताप, गर्भाशयाचा दाह, दूध आटणे, गाय पुन्हा गाभण न राहणे अशी रांग लागते. याची कारणे अनेक आहेत. पण १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी एक विलक्षण निरीक्षण मांडले. ज्या वासराच्या पेशींवरची प्रतिकार-ओळख आईशी जुळते, त्याच्या वेळी जार अडकण्याचे प्रमाण जास्त दिसते. म्हणजे गाभणकाळात आईने गर्भाचे परकेपण सोसायचे आणि विण्याच्या घटकेला मात्र ते ओळखून जार सोडवायची. २००२ मध्ये कायोको किमुरा आणि सहकाऱ्यांनी १४२ गाई तपासल्या. त्यातल्या २० गाईंची जार अडकली. त्या गाईंच्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जारेच्या ऊतीकडे धावण्यात विण्याच्या दोन आठवडे आधीपासूनच मंद होत्या. बाईची वार आणि गाईची जार यांची रचना वेगळी आहे, हे खरे. पण प्रश्न एकच आहे, आणि गाईच्या बाबतीत तो आपल्या अंगणात सोडवता येतो.

माझे म्हणणे असे, की संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या मुलांनी हा प्रश्न हाती घ्यावा. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्या तुकडीतल्या ज्यांना पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळतील, त्यांच्यासाठी चौथे वर्ष संशोधनासह ऑनर्सचे आहे. २००६ पासून राज्यात 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा भरते आणि तिच्यात पदवीच्या मुलांचा गट वेगळा असतो. मंच आहे. प्रश्न मात्र तेच ते येतात. कडुनिंबाच्या अर्काने जिवाणू मरतात का, तलावाच्या पाण्याचा सामू किती. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नाला संशोधन म्हणायला माझे मन तयार होत नाही. यात मुलांचा दोष नाही. उंदीर पाळायला परवानगी आणि पैसा लागतो, विच्छेदन यूजीसीने २०१४ मध्ये बंद केले, आणि आयसीएमआरची १९७९ पासून चालत आलेली अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती वैद्यकीय-दंतवैद्यकीय मुलांपुरतीच आहे. अकोल्याच्या प्राणिशास्त्राच्या मुलीने जायचे कुठे?

तिने गोठ्यात जावे. तिथे जारेला जोडूनच चिकाचा प्रश्न आहे. गाईच्या जारेतून प्रतिपिंडे वासरापर्यंत पोचत नाहीत. माणसाचे तसे नाही. आईला दिलेल्या धनुर्वाताच्या लसीची प्रतिपिंडे बाळाला पोटातच मिळतात. भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, त्यात या लसीचा मोठा वाटा आहे. वासराला हे कवच फक्त चिकातून मिळते आणि तेही वेळेत मिळायला हवे, कारण चोवीस तासांत त्याच्या आतड्याचे दार बंद होते. तरीही अनेक गोठ्यांत जार पडेपर्यंत वासराला आचळाला लावत नाहीत. खरे तर वासरू ढुशा देऊन प्यायले, की ऑक्सिटोसिन स्रवते आणि गर्भाशय आकुंचन पावते. अशा गोठ्यांत जार अडकली, की वासराचे कवचही हुकते.

हे मोजायला फार काही लागत नाही. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या रसाची गोडी ज्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात, तो हजार-दोन हजारांत मिळतो. त्याच्या काचेवर चिकाचा थेंब टाका, झाकण लावा, उजेडाकडे धरून पाहा. निळ्या-पांढऱ्या रेषेचा आकडा २२ ब्रिक्स किंवा वर असेल, तर चिकात लिटरला साधारण ५० ग्रॅम प्रतिपिंडे आहेत, म्हणजे चीक चांगला. वहीत लिहायचे ते एवढेच: गाय किती वेताची, विण्याची वेळ, जार पडल्याची वेळ, वासराने पहिल्यांदा चीक कधी प्यायला, ब्रिक्स किती, आणि महिनाभरात वासराला हगवण लागली का. गवळाऊ गाय आणि पूर्णाथडी म्हैस यांच्या अशा नोंदी एका हंगामात शे-दोनशे गोठ्यांतून जमल्या, तर ती माहिती दिल्ली-मुंबईच्या प्रयोगशाळेतून मिळणारी नसेल. अशा साध्या नोंदींतून विद्यार्थीही मोलाची भर घालू शकतो. पॉल लँगरहान्सने १८६८ मध्ये त्वचेतल्या एका प्रकारच्या पेशी पाहिल्या, तेव्हा तो बर्लिनला वैद्यकीचा विद्यार्थीच होता. त्या चेतापेशी असाव्यात हा त्याचा कयास चुकला. त्या प्रतिकारयंत्रणेच्या पेशी आहेत हे शंभराहून अधिक वर्षांनी कळले. पण त्याने पाहिले आणि लिहून ठेवले, म्हणून पुढच्यांना काम करता आले.

एक इशारा मात्र ठळक. उघड्या हाताने जारेला कोणीही शिवू नये. सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिस माणसाला होतो, आणि जार हे त्याचे मोठे ठिकाण. हातमोजे हवेत, मालकाची संमती हवी, रक्त घ्यायचे तर पशुवैद्यकानेच घ्यावे, आणि काम सुरू करण्याआधी नैतिकता समितीची मान्यता हवी.

म्हणूनच हे काम एकट्या मुलांच्या बळावर होणार नाही. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीत १९२३ मध्ये सुरू झालेले आणि आता शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय आहे. प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांनी या संस्थांशी आत्ताच लेखी करार करावेत, एका पशुवैद्यकाला सहमार्गदर्शक नेमावे आणि या हिवाळ्यात दहा गोठ्यांपासून सुरुवात करावी. २०२७ मध्ये चौथ्या वर्षाला बसणारी मुले आज महाविद्यालयातच आहेत.