मुदतीचा माणूस : अमेरिकेतील वास्तव्य आणि आपले कागद

गेल्या वर्षी रेणापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात मी माझ्या वहिनीला घेऊन अर्धा दिवस बसलो होतो. तिला एक प्रतिज्ञापत्र करून द्यायचे होते. मजकूर एवढाच, की माझ्या पोटी, राहत्या घरी, अमुक तारखेला मुलगा झाला. मुलगा आता चाळिशीला आलेला. टेक्सासमध्ये संगणकाच्या नोकरीत आहे. अंगठ्याची शाई पदराला पुसत वहिनी म्हणाली, "भावजी, त्याला म्याच जल्म दिला, हे आता कुणाला पटवून सांगायचं?"

अमेरिकेच्या सरकारला. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. आपल्या वस्त्यांतून शिकून गेलेली मुले आता तिकडे आहेत आणि इकडे राहिलेल्या आपल्याला त्यांच्या तिथल्या जगण्याची गत ठाऊक नाही. डॉलर तेवढे ठाऊक आहेत.

माझा पुतण्या २०१४ साली एच-१बी व्हिसावर गेला. हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. तो कुशल कामगाराला मिळतो, पण अर्ज कामगाराचा नसतो, मालकाचा असतो. एका वेळी तीन वर्षे, एकूण सहा. नोकरी सुटली तर साधारण साठ दिवसांत दुसरा मालक गाठायचा, नाहीतर बिऱ्हाड उचलायचे. वर्षाला ६५ हजार आणि तिथे उच्च शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, एवढीच ही परवानगी. मागणारे त्याहून पुष्कळ, म्हणून चिठ्ठ्या काढतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर परदेशातून आणायच्या नव्या माणसामागे मालकाने १ लाख डॉलर भरावेत असे फर्मान निघाले.

कायम राहायचे तर ग्रीन कार्ड. त्याच्या तीन पायऱ्या. पहिली, या कामाला लायक आणि तयार असा स्थानिक माणूस मिळत नाही हे मालकाने मजूर खात्याला दाखवायचे. दुसरी, मालकानेच आय-१४० नावाचा अर्ज करायचा. तिसरी पायरी कामगाराची स्वतःची, पण ती रांगेत नंबर लागल्यावर. पहिल्या पायरीचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती त्याची रांगेतली तारीख. नोकरीच्या वाटेने वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार कार्डे निघतात. बायकापोरेही त्यातच मोजतात. शिवाय जन्माच्या देशानुसार सात टक्क्यांची मर्यादा. आइसलँडला जेवढी, तेवढीच भारताला. इतरांच्या उरलेल्या जागा कधी भारतीयांकडे वळतात, तरी रांग हलत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात भारतीयांच्या दोन मोठ्या वर्गांत २०१३ सालच्या तारखांचे काम चालले होते. पुतण्याची तारीख २०१६ ची. त्याची मुलगी लातूरला जन्मली, दोन वर्षांची असताना तिकडे गेली. २०३३ मध्ये ती एकवीस वर्षांची होईल. तोवर कार्ड झाले नाही तर बापाच्या आधारावरचा तिचा हक्क जाण्याची भीती आहे. तिला मराठी समजते, वाचता येत नाही. परत पाठवायचे म्हटले तर कुठे?

२०२१ च्या मे महिन्यात माझा भाऊ गेला. पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत संपलेली. नवा शिक्का इकडे वकिलातीत घ्यावा लागतो आणि त्या दिवसांत भारतातून येणाऱ्यांना अमेरिकेने दार लावले होते. पोरगा आला असता तर अडकला असता. नोकरी गेली असती, रांगेतला नंबर धोक्यात आला असता. त्याने बापाची माती मोबाइलवर पाहिली.

मुदतीवर जगणे म्हणजे काय, हे आमच्या घराने त्याआधीही पाहिले आहे. माझ्या वडिलांनी रेणापूरच्या शिवारात गायरानाचा एक तुकडा वहितीला आणला. दरसाल अतिक्रमणाचा दंड व्हायचा. वडील तो भरायचे आणि पावती पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीन दलितांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तेव्हा त्या दंडाच्या पावत्याच ताब्याचा पुरावा ठरल्या. ज्यांनी पावत्या जपल्या नव्हत्या, ते मागे राहिले. मात्र एक मोठा फरक आहे. गायरानासाठी मोर्चा निघाला. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहात माणसे हजारोंनी तुरुंगात गेली. व्हिसाच्या रांगेतला आपला माणूस मात्र एकटा असतो, आणि त्याच रांगेत त्याच्या पुढेमागे गावाकडची जातही उभी असते.

ती जात तिथे किती आधी पोहोचली पाहा. १९२३ साली भगतसिंग थिंड या, अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या गृहस्थाने नागरिकत्वासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात वाद घातला, की आपण उच्च जातीचे, आर्य रक्ताचे, म्हणून गोरेच. न्यायालयाने ऐकले नाही. वर्णभेदाच्या दारात उभा असलेला माणूस वर्णभेदच चुकीचा आहे असे म्हणाला नाही. आपली जात पुढे करून आत घ्या म्हणाला. भारतीयांना नागरिकत्वाची वाट उघडली ती १९४६ साली, आणि नव्याने येऊ पाहणाऱ्यांना कोटा वर्षाला सुमारे शंभर जणांचाच. देशोदेशीचे जुने कोटे १९६५ च्या कायद्याने गेले.

पुतण्याचे वरिष्ठ आपल्याच राज्यातले. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्याला गाव विचारले, मग आडनाव पुन्हा विचारले, मग गावात घर कोणत्या बाजूला आहे तेही विचारले. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याचा दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले आणि २०२३ मध्ये दोन वरिष्ठांवरचा दावा खात्याने मागे घेतला. त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियाचे तसे विधेयक मात्र राज्यपालांनी नाकारले. कायदा हवाच. पण राहण्याची परवानगी ज्याच्या सहीवर अवलंबून, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला साठ दिवसांचा माणूस धजेल कसा?

म्हणून तिकडे असलेल्यांना दोन गोष्टी कळवाव्यात. आय-१४० मंजूर झाल्यावर नोकरी बदलली तरी रांगेतली तारीख सहसा राहते. नवा मालक पहिल्या दोन पायऱ्या पुन्हा चढतो, एवढेच. आणि तिसऱ्या पायरीचा अर्ज १८० दिवस पडून राहिला, तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या नोकरीत जाता येते. पुतण्याला यातली पहिली गोष्ट चार वर्षांनी कळली. ती चार वर्षे त्याने मान खाली घालून काढली.

आता कागदाकडे येतो. ग्रीन कार्डाला जन्माचा दाखला लागतो. पुतण्याचा जन्म १९८६ चा, घरातला. गावभर मर्तिकाचा सांगावा नेणाऱ्या घरातल्या लेकराची नोंद कोणी केली नव्हती. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळेचा दाखला आणि जन्म ठाऊक असणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे चालतात. शाळेच्या दाखल्यावर तारीख आहे १ जून. ती माझ्या हातची. त्या शाळेत मीच शिक्षक होतो आणि वय बसावे म्हणून वस्तीतल्या डझनभर पोरांना मी १ जून देऊन टाकला. वहिनी सांगते, पोर झाले तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती. पासपोर्टापासून पदवीपर्यंत सगळीकडे आता १ जूनच आहे. खोट्यावर तिचा अंगठा नको, म्हणून तारखेपुढे "शाळेच्या नोंदीप्रमाणे" एवढे मी लिहून घेतले. शिक्षकबंधूंनो, ज्यांची नोंद राहिली आहे त्या मुलांची उशिराची नोंद आजच करून घ्या. मुलाचे, बापाचे, आडनावाचे स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच ठेवा.

त्याच दाखल्यावर जातीचा रकाना आहे. हे कागद कंपनीच्या वकिलाकडे जातात, आणि पुतण्याच्या कचेरीतल्या हातांतून जातात. त्याने फोन केला, "काका, भाषांतरात तेवढी एक ओळ गाळता येईल का?" भाषांतर पूर्ण आहे असे भाषांतरकाराला लिहून द्यावे लागते, त्यामुळे येत नाही. मी तसे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जसं आहे तसं पाठवा."

लातूरहून पाकीट रवाना झाले. ते पोहोचल्याची पावती मी वडिलांच्या पेटीत ठेवली आहे.