एकाच दगडाचे दोन देश

नामिबिया हा महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश, पण लोकसंख्या जेमतेम तीस लाखांची. खोरिक्सासहून पामवागकडे जाणाऱ्या खडीच्या रस्त्यावर तासन्‌तास माणूस दिसत नाही. तरी वाशीम जिल्ह्यातून गेलेल्या मला तो मुलूख परका वाटला नाही, कारण डोंगर ओळखीचे होते. माथे सपाट आणि अंगावर एकावर एक पायऱ्या. आमच्या मालेगाव-रिसोडकडे असतात तशाच.

हे साम्य वरवरचे नाही. त्या डोंगरांना इटेंडेका म्हणतात. सुमारे १३.२ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन खंड दुभंगत असताना तिथे लाव्हाचे थरावर थर पसरले. त्याच लाव्हाचा मोठा हिस्सा आज ब्राझीलमध्ये आहे. मधे अटलांटिक महासागर आला. आपला दख्खनचा बसाल्टही असाच थराथराने साचला, पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. थरांचा कठीण भाग टिकतो, मऊ भाग झिजतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. म्हणूनच भूशास्त्रज्ञ अशा खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना.

मग वाशीमला या दगडाची काळी कसदार जमीन झाली आणि तिथे नुसते तांबूस धोंडे का उरले? तिकडचा दगड तर वयाने दुप्पट. उत्तर पाण्यात आहे. अटलांटिकच्या किनाऱ्याने बेंग्वेला हा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यावरची गार हवा वर चढत नाही, म्हणून पावसाचे ढग बनत नाहीत. किनाऱ्यावर धुके येते. काही भुंगेरे ते पाठीवर जमवून पितात. आतल्या भागात वर्षाला शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे पुष्कळ. आपल्याकडे मोसमी पावसात बसाल्ट कुजतो आणि त्यातली खनिजे चिकणमाती होतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल धरून ठेवते. कपाशी, तूर, सोयाबीन या ओलीवरच उभे राहते.

तिथे आणखी एक गोष्ट दिसली. क्वचित येणारा पाऊस एकदम कोसळतो. उतारावर गवत विरळ, त्यामुळे थोडीफार बनलेली मातीही वाहून जाते. म्हणजे माती बनणे पुरेसे नाही, ती धरणारे काही हवे. आपल्या उतारांवर बांध फुटले, पेरणी उताराच्या दिशेने झाली की एका धुवाधार पावसात हेच होते आणि भारी जमिनीची बरड होते. बोटभर माती बनायला शेकडो वर्षे लागतात. ती जायला एक रात्र पुरते.

दगड दोन्हीकडे सारखाच आहे. पाऊस आपल्या हाती नाही, पण बांध घालणे, उताराला आडवी पेरणी करणे आणि धुऱ्यावरचे गवत राखणे आपल्या हाती आहे. वाशीम आणि इटेंडेका यांच्यातले अंतर आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. काही ठिकाणी ते वीतभर मातीइतकेच आहे.