कप्तानाचा ध्यास आणि सहकाऱ्यांचा हिशेब

अंतराळयान आणि त्याचा कप्तान यांच्याभोवती रचलेल्या दूरचित्रवाणी मालिकांत एक कथानक गेली जवळजवळ सहा दशके पुन्हा पुन्हा येत राहिले आहे. कप्तान शूर असतो, कर्तबगार असतो, सहकाऱ्यांचा त्याच्यावर विश्वासही असतो. पण एखादा जुना पराभव, एखादा शत्रू किंवा एखादे ध्येय त्याच्या मनाचा असा ताबा घेते की आपल्यामागे किती माणसे उभी आहेत आणि त्यांना काय सोसावे लागणार आहे, हे त्याला दिसेनासे होते. शोकात्मिकेच्या नायकाविषयी लिहिताना ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने ‘हॅमार्शिया’ ही संकल्पना मांडली होती. दुष्ट नसलेल्या, बऱ्याच अंशी चांगल्याच असलेल्या माणसाच्या हातून घडणारी आणि त्याला विनाशाकडे नेणारी जी घोडचूक, ती हॅमार्शिया. मात्र ग्रीक रंगभूमीवरचा नाश बहुधा नायकाचा स्वतःचा किंवा त्याच्या कुळाचा असतो, तर यानाच्या कप्तानाची चूक प्रथम इतरांच्या जिवावर बेतते. त्यामुळे अशा कथेचा कस पाहायचा असेल, तर नायक किती खोलवर रंगवला आहे यापेक्षा त्या इतरांचा हिशेब कथेने कसा ठेवला आहे, हे तपासणे अधिक योग्य ठरते.

या कथानकाचे मूळ समुद्रात आहे. हर्मन मेलव्हिल या अमेरिकी लेखकाच्या १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोबी-डिक’ या कादंबरीतला कप्तान एहॅब, आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशाचा सूड घेण्यासाठी ‘पीक्वॉड’ हे शिकारी जहाज समुद्रासमुद्रांतून हाकत नेतो आणि अखेरीस, कथा सांगणारा इश्माएल तेवढा वगळता, सगळ्यांसह बुडतो. जहाज तेलासाठी निघाले आहे, कप्तानाच्या सूडासाठी नव्हे, अशी हरकत त्याचा पहिला अधिकारी स्टारबक घेतो, झोपलेल्या एहॅबवर बंदूक रोखण्यापर्यंतही जातो, पण चाप ओढत नाही. बाकीचे खलाशी तर डोलकाठीवर ठोकलेल्या सोन्याच्या नाण्याला आणि कप्तानाच्या वक्तृत्वाला भुलून त्या सूडाची शपथच घेतात. बंदर दूर, उतरून जाण्याची सोय नाही आणि कप्तानाचा शब्द हाच कायदा, ही समुद्रावरची परिस्थिती अंतराळात अधिकच पक्की होते. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांच्यासमोर कप्तानाचा नमुना म्हणून सी. एस. फॉरेस्टर यांच्या कादंबऱ्यांतील हॉर्नब्लोअर हा ब्रिटिश आरमारी अधिकारी होता, हे लक्षात घेतले म्हणजे आरमारातली शिस्त, हुद्दे आणि आज्ञापालनाचे पेच त्या मालिकेत कुठून आले याचा उलगडा होतो.

१९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर चाललेल्या आणि १९८०च्या दशकात दूरदर्शनमुळे भारतीय प्रेक्षकांपर्यंतही पोहोचलेल्या या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, दोन महिन्यांच्या आत, या एकाच विषयावरचे दोन भाग प्रसारित झाले. त्यांपैकी २० ऑक्टोबर १९६७ रोजी दाखवलेला ‘द डूम्सडे मशीन’ हा नॉर्मन स्पिनरॅड यांनी लिहिलेला भाग निःसंशय सरस आहे. मालिकेचा नायक कप्तान कर्क याच्या ‘एंटरप्राइझ’ यानाला त्याच्याच जातीचे ‘कॉन्स्टेलेशन’ हे यान मोडकळीस आलेल्या अवस्थेत सापडते आणि त्यावर कमोडोर मॅट डेकर हा एकटाच अधिकारी, सुन्न होऊन बसलेला. ग्रहांचे तुकडे करून गिळणाऱ्या एका अजस्र यंत्राने यान निकामी केल्यावर आपल्या सुमारे चारशे माणसांचा जीव वाचावा म्हणून त्याने त्यांना त्या सूर्यमालेतल्या तिसऱ्या ग्रहावर उतरवले होते, आणि मग यंत्राने तोच ग्रह गिळला. माणसांची चूक नसतानाही त्यांचा घात आपल्या हातून झाला, या जाणिवेने डेकर खचला आहे. सूडाचा ध्यास हे त्याच्या अपराधी भावनेने घेतलेले रूप आहे.

या भागाची खरी गंमत मात्र नियमांच्या पेचात आहे. कप्तान कर्क मोडक्या यानावर अडकलेला असताना डेकर ‘एंटरप्राइझ’वर पोहोचतो आणि आपल्या वरच्या हुद्द्याच्या जोरावर यानाचा ताबा घेतो; तो अधिकार नियमानेच त्याला असल्यामुळे स्पॉक या प्रथम अधिकाऱ्याला बाजूला व्हावे लागते. कप्तान मानसिकदृष्ट्या अपात्र असल्याचे प्रमाणपत्र देऊन त्याला पदावरून उतरवण्याची मुभा यानाच्या डॉक्टरला असते, पण डॉ. मॅकॉय यांनी डेकरला तपासलेलेच नसल्यामुळे त्यांच्या हाती संशयापलीकडे काही नाही. त्या यंत्राचे कवच ‘फेझर’ या किरणास्त्राने भेदता येत नाही हे सिद्ध झालेले असूनही डेकर ४३० माणसांचे यान पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडाशी नेतो. शेवटी, आत्मघात करू पाहणे हाच अपात्रतेचा पुरावा ठरेल, असे स्पॉक त्याला बजावतो तेव्हा कुठे तो माघार घेतो, आणि पुढे कर्कने दुरून दिलेल्या आज्ञेनुसार स्पॉक त्याला पदावरून दूर करतो. एहॅबसमोरच्या स्टारबकला जे शस्त्राने साधले नाही ते इथे एका रुक्ष कलमाने साधते, आणि ते कलमही ऐन वेळेपर्यंत अपुरे पडत राहते. आज्ञा पाळणाऱ्यांची कोंडी इतक्या नेमकेपणाने दाखवणारे भाग दूरचित्रवाणीवर फार नाहीत. डेकर मग एक छोटे यान पळवून एकटाच त्या यंत्राच्या जबड्यात शिरतो. त्याच्या स्फोटाने यंत्राची शक्ती किंचित घटल्याचे दिसते, त्यावरून कर्कला उपाय सुचतो आणि ‘कॉन्स्टेलेशन’ची आहुती देऊन ते यंत्र बंद पाडले जाते.

१५ डिसेंबर १९६७ रोजीच्या ‘ऑब्सेशन’ या भागात ध्यास खुद्द कर्कलाच जडतो. तरुण अधिकारी असताना, अकरा वर्षांपूर्वी, माणसांच्या शरीरातले रक्त शोषणारा एक ढगासारखा जीव समोर आला असता आपण क्षणभर कचरलो, अस्त्र वेळेवर चालवले नाही आणि म्हणून ‘फॅरागट’ यानाचे कप्तान गॅरोविक व सुमारे २०० माणसे मेली, असे त्याने मनाशी धरलेले आहे. तोच मधासारखा गोडसर वास पुन्हा येताच तो पाठलागाला लागतो. नाशवंत औषधे दुसऱ्या एका यानाकडून घेऊन गरजू वसाहतीकडे पोहोचवण्याचे काम तो लांबणीवर टाकतो, सुरक्षा पथकातले लोक एकामागून एक मरतात, आणि स्पॉक व मॅकॉय त्याच्या खोलीत जाऊन औपचारिक शब्दांत जाब विचारतात तेव्हा तो कमालीचा चिडतो. इथवर कथा निर्भय आहे. पण पुढे तो जीव बुद्धिमान असून प्रजोत्पादनासाठी आपल्या मूळ ग्रहाकडे निघाला असल्याचे कळते, म्हणजे कर्कचा संशय खरा ठरतो. शिवाय त्या जीवावर किरणास्त्राचा काहीच परिणाम होत नसल्यामुळे अकरा वर्षांपूर्वीचे ते कचरणेही निर्दोष ठरते. ध्यासामुळे यान धोक्यात आले, पण ध्यासच बरोबर निघाला, असा हा सोयीचा निकाल आहे.

तो तसा लागण्यामागे लेखकाच्या भित्रेपणापेक्षा त्या काळच्या व्यवसायाची रीत अधिक कारणीभूत होती. मालिकेचे भाग पुढे निरनिराळ्या स्थानिक केंद्रांना पुनःप्रसारणासाठी विकले जात, ज्याला ‘सिंडिकेशन’ म्हणतात, आणि ते कोणत्याही क्रमाने दाखवता यावेत म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी यान, कप्तान आणि मुख्य पात्रे मूळ स्थितीला परत येणे आवश्यक असे. मरायचे ते सुरक्षा पथकाने. त्यातल्या अनेकांच्या अंगात लाल गणवेश असल्यामुळे ‘रेडशर्ट’ हा शब्द केवळ मरण्यासाठी कथेत आणलेल्या पात्रासाठी रूढ झाला. पुढच्या आठवड्यात त्यांचे नाव निघत नाही. कर्क पुन्हा हसतमुख असतो.

हा हिशेब पुढच्या भागात ओढून नेण्याचे धाडस बीबीसीच्या ‘ब्लेक्स सेव्हन’ या मालिकेने केले. डॉक्टर हू मालिकेतील ‘डॅलेक’ यंत्रजीवांचे निर्माते टेरी नेशन यांची ही मालिका २ जानेवारी १९७८ पासून चार पर्वांत, एकूण ५२ भागांत प्रसारित झाली. तिची दृश्ये स्वस्त आणि नेपथ्य कधी कधी हास्यास्पद आहे, हे मान्य करूनही तिच्या संहितांतला कडवटपणा आजही ताजा वाटतो. रॉय ब्लेक हा ‘फेडरेशन’ या दडपशाही राजवटीविरुद्ध लढणारा नेता. राजवटीने त्याची स्मृती पुसलेली, साथीदार मारलेले आणि त्याच्यावर बालकांच्या लैंगिक छळाचे खोटे आरोप ठेवून त्याला काळ्या पाण्याच्या शिक्षेवर धाडलेले. वाटेत सापडलेल्या ‘लिबरेटर’ या परग्रहीय यानावर त्याच्याभोवती जी माणसे जमतात त्यांत बँक लुटू पाहणारा संगणकतज्ज्ञ एव्हॉन, चोर व्हीला, तस्कर जेना, मनानेच संवाद साधणारी कॅली आणि धिप्पाड गॅन आहेत. सातवा सदस्य म्हणजे यानाचा संगणक झेन. यांतल्या बहुतेकांनी क्रांतीसाठी नाव नोंदवलेले नाही. त्यांना पळायचे आहे, आणि पळायला साधन एकच आहे, ज्याचे सुकाणू ब्लेकच्या हातात आहे.

६ फेब्रुवारी १९७९ रोजीच्या ‘प्रेशर पॉइंट’ या भागात ब्लेक पृथ्वीवरच्या ‘सेंट्रल कंट्रोल’ या राजवटीच्या मुख्य नियंत्रण केंद्रावर हल्ला करायला निघतो आणि खरा बेत शक्य तितका वेळ स्वतःजवळच ठेवतो. एव्हॉन अनपेक्षितपणे पाठिंबा देतो, पण त्याचे कारण असे की ब्लेक पृथ्वीवर क्रांतीचे नेतृत्व करायला उतरला तर यान आपल्याला मिळेल. सापळे, फितुरी आणि भुयारे ओलांडून ब्लेक त्या खोलीत पोहोचतो, विजयाने ओरडतो, आणि मग लक्षात येते की खोली रिकामी आहे. केंद्र तीस वर्षांपूर्वीच दुसरीकडे हलवलेले असून शत्रूंना फसवण्यासाठी त्याचा पोकळ देखावा तेवढा जपलेला होता. परतीच्या वाटेवर कोसळत्या दाराखाली गॅन मरतो. हिंसेला आळा घालणारे उपकरण ज्याच्या मेंदूत बसवलेले होते आणि जो ब्लेकला सर्वांत कमी प्रश्न विचारत असे, तोच या मोहिमेत बळी जावा, यात संहितालेखकांची निवड क्रूर आणि अचूक आहे.

पुढचा भाग ‘ट्रायल’ हा मालिकेचे संहिता-संपादक ख्रिस बाउचर यांनी लिहिला. त्यात ब्लेक निरोप ठेवून एका अनोळखी ग्रहावर एकटाच उतरतो आणि आपल्याला परत घ्यायचे की नाही हे सहकाऱ्यांवर सोपवतो. त्याच वेळी दुसरीकडे त्याचा वैरी ट्रॅव्हिस याच्यावर निःशस्त्र नागरिकांच्या कत्तलीबद्दल लष्करी खटला चालू आहे. दुष्ट राजवटीत मारेकऱ्यासाठी निदान देखाव्यापुरते न्यायासन आहे, पण क्रांतिकारकाच्या चुकीचा न्याय करणारे कोणी नाही, ही तुलना लेखकाने कुठेही उघड न बोलता उभी केली आहे. ब्लेकचा पश्चात्तापही संशयास्पद राहतो, कारण भागाच्या शेवटी तो आपला दरारा परत मिळवण्यासाठी शत्रूच्या मुख्यालयावरच तोफा डागतो.

३ एप्रिल १९७९ रोजीच्या ‘स्टार वन’मध्ये हा ध्यास टोकाला जातो. सेंट्रल कंट्रोल जिथे हलवले गेले ते हे ठिकाण अनेक ग्रहांचे हवामान आणि दळणवळण सांभाळते, म्हणजे ते उडवले तर राजवटीबरोबर तिच्या ताब्यातली असंख्य सामान्य माणसेही मरणार. कॅली त्याला हे विचारते तेव्हा ब्लेकच्या उत्तराचा आशय असा असतो की आता जिंकणेच भाग आहे, कारण आपले बरोबर होते याची खात्री पटण्याचा दुसरा मार्ग उरलेला नाही. मेलेल्यांमुळे मागे फिरता येत नाही आणि पुढे जायचे तर आणखी मारावे लागतात, हे दुष्टचक्र एवढ्या थोडक्यात मांडलेले क्वचितच सापडेल. परग्रहीय आक्रमकांची सेना दाराशी आल्यामुळे त्याला तो बेत सोडावा लागतो, ट्रॅव्हिसच्या गोळीने तो जखमी होतो, आणि ब्लेकची भूमिका करणारे गॅरेथ थॉमस इथे मालिकेतून बाहेर पडतात.

विलक्षण गोष्ट अशी की नायक गेल्यावर त्याचा आजार एव्हॉनकडे येतो. ज्याने ब्लेकच्या हट्टाची सतत टर उडवली, तोच मार्च १९८० मधल्या ‘टर्मिनल’ या भागात ब्लेकच्या नावाने आलेल्या संदेशामागे सहकाऱ्यांना काही न सांगता यान पिटाळतो, धोक्याचा इशारा धुडकावून ते अज्ञात कणांच्या मेघातून नेतो आणि त्या कणांनी कुरतडलेले ‘लिबरेटर’ कायमचे नष्ट होते. २१ डिसेंबर १९८१ रोजी, ऐन नाताळाच्या आठवड्यात, ‘ब्लेक’ या शेवटच्या भागात दोघे समोरासमोर येतात. ब्लेकने आपल्याला विकले या गैरसमजातून एव्हॉन त्याला गोळ्या घालतो, आणि पाठोपाठ सैनिक आत शिरून बाकीच्यांना टिपतात.

त्यानंतरच्या मालिकांना सलग कथानकाची मोकळीक मिळाली, पण ती सगळ्यांनी सारखी वापरली नाही. १९९७ मधल्या ‘डीप स्पेस नाइन’च्या ‘फॉर द युनिफॉर्म’ या भागात कप्तान सिस्को एका फितूर अधिकाऱ्याला पकडण्यासाठी आख्खा ग्रह माणसांना राहण्यास अयोग्य करून टाकतो आणि त्याला कोणी साधा जाबही विचारत नाही. याउलट २००३ मध्ये नव्याने सुरू झालेल्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त, यंत्रमानवांनी केलेल्या संहारातून वाचलेल्या सुमारे ५० हजार माणसांचा आकडा राष्ट्राध्यक्ष लॉरा रॉझलिन फळ्यावर लिहून ठेवते आणि तो शीर्षकदृश्यातही प्रेक्षकांसमोर येत राहतो. हरवलेल्या एका वैमानिक मुलीच्या शोधात कमांडर अडामा ताफ्याचे मौल्यवान इंधन उधळू लागतो, तेव्हा रॉझलिन त्याला हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवून सुनावते आणि शोध थांबतो. पण ॲडमिरल केन या तितक्याच कर्तबगार स्त्री-अधिकाऱ्याचे ‘पेगॅसस’ हे यान ताफ्याला येऊन मिळते, त्या वेळी फळ्यावरचा आकडा दीड हजारांहून अधिकने वाढतो, आणि सगळीकडे आनंद होतो. सूडाच्या लढाईसाठी केनने ज्या नागरी जहाजांची इंजिने आणि उपयोगी माणसे काढून घेतली आणि उरलेल्यांना तसेच मागे सोडून दिले, ती माणसे त्या फळ्यावर कधी मोजलीच गेलेली नव्हती.