संगणक आत घेत नाही तेव्हा



सावर्डे येथील आमचे कार्यालय म्हणजे भाड्याची एक खोली, दोन कपाटे आणि एक संगणक. संगणक आपल्यापैकीच एका कुटुंबाने दिलेला, विंडोज 7 चा. त्यात आसपासच्या कातकरी वाड्यांवरील कुटुंबांचे कागद स्कॅन करून ठेवलेले आहेत: शाळेचे उतारे, जन्माच्या नोंदी, रेशनकार्डे. वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या कामावर वर्षातले सहा-सात महिने बाहेर राहणाऱ्या माणसाचा कागद झोपडीत टिकत नाही, म्हणून ही सोय केली. गेल्या जूनमध्ये, पावसाने नुकता जोर धरला असताना, एका सकाळी या संगणकाने मला आत घ्यायचेच नाकारले. पासवर्ड चुकीचा आहे, एवढेच त्याचे म्हणणे.

पासवर्ड चुकीचा नव्हता. तो मीच ठेवलेला आणि रोज टाइप केलेला. दहा वेळा टाकला, सावकाश टाकला, शेवटी एका बोटाने टाकला.

त्याच सकाळी वाडीवरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन दारात उभे होते. तिला वसतिगृहात घालायचे होते आणि जातीचा दाखला काढायचा होता. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. मुलीच्या पणजोबांचा शाळेतला उतारा या कुटुंबाकडे होता, त्यावर जात ‘काथोडी’ अशी स्पष्ट लिहिलेली. आदल्या पावसाळ्यात झोपडीत पाणी शिरले आणि त्या उताऱ्याचा लगदा झाला. शाळा दुसरी प्रत देते, पण शाळा कोणती आणि रजिस्टर क्रमांक किती, हे सांगावे लागते. ते घरात कोणाला ठाऊक नव्हते. ते होते आमच्या स्कॅनवर, आणि स्कॅन होता त्या संगणकात.

“सर, आमचा कागद गेला का?” त्यांनी विचारले. मी “नाही” म्हणालो खरा, पण ते मला तरी कुठे माहीत होते!

दुपारी एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळपर्यंत चालू.” आतल्या फाइलींचे काय, असे विचारल्यावर तो खांदे उडवून म्हणाला, “त्या जाणार.” मी जवळजवळ हो म्हटले होते. आपल्या अनेक मंडळ्यांच्या कार्यालयांत असे जुने संगणक आहेत आणि त्यांत बाप्तिस्म्याच्या व विवाहांच्या नोंदी आहेत, म्हणून ही हकीकत सविस्तर लिहीत आहे.

लॉगइन होत नाही याचा अर्थ फाइली गेल्या असा नाही. पासवर्ड हे खोलीच्या दाराचे कुलूप आहे. फाइली हार्ड डिस्कवर जिथल्या तिथे असतात. फॉरमॅट करणे म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून घरच पाडणे. तो उपाय शेवटचा, आणि तोही फाइली बाहेर काढून घेतल्यानंतरचा.

मी माझ्या भाच्याला फोन केला. तो चिपळूणला असतो. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा पाण्यात गेलेल्या काही संगणकांच्या डिस्क सुकवून, साफ करून वाचवायच्या कामात तो होता, त्यामुळे त्याला घाबरायची सवय राहिलेली नाही. त्याने संगणकाची पेटी उघडली, चार स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घेतली आणि यूएसबीला जोडायच्या केबलने स्वतःच्या संगणकाला लावली. आमच्या फोल्डरवर टिचकी मारताच ‘आपल्याला परवानगी नाही’ असा संदेश आला. त्याखालचे ‘कंटिन्यू’ दाबले, थोडा वेळ गेला आणि वाडीवार फोल्डर समोर उभे राहिले. उतारा सापडला. रजिस्टर क्रमांक मी तिथेच वहीत उतरवून घेतला.

पेटी उघडायची नसेल तर दुसरी वाट आहे. पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन संगणक त्यावरून सुरू करता येतो. उबुंटू त्यासाठी चांगले आहे; सी-डॅकचे ‘बॉस’ लिनक्सही आहे. जुने विंडोज मग झोपलेलेच राहते आणि डिस्कवरच्या फाइली नुसत्या वाचून घेता येतात. या दोन्ही वाटा जुन्या संगणकांना लागू पडतात. अलीकडच्या संगणकांत डिस्क पुष्कळदा सांकेतिक रूपात बंद केलेली असते, बिटलॉकर म्हणतात ते. तिथे 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, ती आधी शोधावी. ती नसेल तर भाच्याचाही इलाज चालत नाही.

एक प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला: संगणकातच पासवर्ड असतो ना, मग तो काढून का देत नाहीत? कारण तो तसा आत नसतोच. संगणक आपला पासवर्ड दळून त्याचे पीठ ठेवतो. आपण पासवर्ड टाकला की तोही दळतो आणि दोन पिठे जुळतात का पाहतो. पिठावरून दाणा परत करता येत नाही. म्हणून विसरलेला पासवर्ड सांगता येत नाही, फक्त नवा बसवता येतो.

फाइली हाती आल्या, तरी संगणक आत का घेत नव्हता हे कळलेच नव्हते. डिस्क परत बसवली, तर हट्ट तसाच. आपल्याच पुण्याच्या मंडळीतील एका बंधूंना मी लॉगइनच्या पडद्याचा फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला: “वर डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा.” तिथे दोन बारीक इंग्रजी अक्षरे होती, एम आणि आर. म्हणजे मराठी.

मग सगळे आठवले. आदल्या संध्याकाळी एका स्वयंसेवक ताईंनी अर्ज टाइप करण्यासाठी मराठी कीबोर्ड मुख्य करून ठेवला होता. त्या कीबोर्डला इनस्क्रिप्ट म्हणतात. त्यात इंग्रजी एमच्या कळीवर ‘स’ उमटतो, व्हीच्या कळीवर ‘न’. मी इंग्रजी पासवर्ड टाइप करत होतो आणि संगणक देवनागरी अक्षरे घेत होता. पडद्यावर मात्र अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, आणि ठिपके मराठीचे काय नि इंग्रजीचे काय, सारखेच! डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट या कळा एकदम दाबल्या, कोपऱ्यात ई आणि एन आले, पासवर्ड टाकला, आत गेलो. तीन दिवस आणि चिपळूणच्या दोन फेऱ्या! (विंडोज 10 वर ही अक्षरे खाली उजव्या कोपऱ्यात असतात आणि विंडोजची कळ व स्पेसबार दाबून भाषा बदलते.)

म्हणून सगळ्यात आधी कीबोर्ड तपासावा. कॅप्स लॉक सर्वांना ठाऊक आहे. जुन्या लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिला तर जे, के, एल या कळांवर 1, 2, 3 उमटतात, हे ठाऊक नसते. कोकणच्या दमट हवेत कळा अडकतात, एखादी दोनदा उमटते, एखादी उमटतच नाही. दुसरा कीबोर्ड लावून पाहावा. तो नसेल तर लॉगइनच्या पडद्यावर कोपऱ्यात सुलभतेचे जे चिन्ह असते, त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माउसने पासवर्ड टाकावा.

कधी पासवर्ड बरोबर लागतो, पण आत गेल्यावर डेस्कटॉप रिकामा असतो. ‘तात्पुरत्या प्रोफाइलने’ आत घेतले आहे, असा संदेशही येतो. अशा वेळी सगळे पुसले गेले असे वाटते. खरे तर त्या वापरकर्त्याची मांडणी बिघडलेली असते. सी ड्राइव्हमधील ‘युजर्स’ फोल्डरमध्ये जुन्या नावाखाली फाइली बहुधा असतातच. त्या आधी दुसरीकडे घ्याव्यात, मग दुरुस्ती.

संगणक लॉगइनपर्यंत पोहोचतच नसेल, काळ्या पडद्यावर एफ 1 दाबा म्हणून थांबत असेल आणि घड्याळ भलतेच जुने साल दाखवत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला आहे. त्यावर सीआर 2032 असा क्रमांक असतो. घड्याळाच्या दुकानात तो थोडक्या पैशांत मिळतो.

दान आलेल्या संगणकांची गोष्ट वेगळी. त्यांचा पासवर्ड देणाऱ्यालाच आठवत नाही. विंडोज एक्सपी असेल तर सुरू होताना एफ 8 दाबून सेफ मोडमध्ये जावे. तिथे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचे खाते दिसते आणि पुष्कळदा त्याला पासवर्डच ठेवलेला नसतो. विंडोज व्हिस्टापासून ते खाते मुळातच बंद असते. आणि हे सारे फक्त स्वतःच्या, किंवा मालकाने सांगितलेल्या संगणकावर करावे, हे वेगळे सांगायला नको. आमच्या डिस्कवर दुसऱ्यांची आधार कार्डे आहेत. ती डिस्क मी दुकानात एकटी सोडून आलो नाही. भाच्याकडेही शेजारी बसून राहिलो.

त्या कुटुंबाला शाळेकडून उताऱ्याची नवी प्रत मिळाली आणि अर्ज जुलैतच दाखल झाला. मुलगी वसतिगृहात आहे. आमच्या सर्व स्कॅनची आता एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे. ती डिस्क कार्यालयात न ठेवता दुसऱ्या घरी ठेवली आहे.

विंडोज 10 चे सुरक्षा अद्यतन 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. त्यामुळे आपल्यापैकी अनेकजण आता जुने संगणक बदलतील आणि त्यांतील काही आमच्याकडे येतील. आम्हाला ते हवेच आहेत. इंटरनेट न जोडता टंकलेखनाला आणि स्कॅन ठेवायला ते पुरेसे आहेत. फक्त देण्यापूर्वी आपल्या फाइली काढून घ्या, मायक्रोसॉफ्ट खात्यातून बाहेर पडा आणि वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड एका कागदावर लिहून तो कागद पेटीच्या आत चिकटवा. बाहेरून चिकटवलेला कागद सावर्ड्याला पोहोचेपर्यंत निघून पडतो, असा अनुभव दोनदा आला आहे.