नामयात्रा : शर्ली

मागील लेखांकात धंद्यांवरून पडलेल्या इंग्रजी आडनावांचा परामर्श घेतला. आज जे आडनाव कालांतराने व्यक्तिनाम झाले आणि पुढे पुरुषांकडून स्त्रियांकडे गेले, त्या ‘शर्ली’ या नावाचा विचार करावयाचा आहे. मूळचे हे ग्रामनाम. रान तोडून मोकळ्या केलेल्या जागेचा वाचक असा प्राचीन इंग्रजी शब्द त्याच्या उत्तरार्धात आहे. पूर्वार्धाचा अर्थ कोणी ‘उजळ’ असा करतात, तर कोणी त्यात ‘परगणा’ हा अर्थ पाहतात. डर्बीशरमधील या गावावरून एका जमीनदार घराण्यास ते आडनाव मिळाले.

मुलास आडनावच नाव म्हणून ठेवण्याचा रिवाज इंग्लंडातील खानदानी कुळांत सोळाव्या शतकात रुजला. आईच्या माहेरचे कुलनाम, जे एरवी विवाहाबरोबर लुप्त व्हावयाचे, ते मुलाच्या रूपाने राखले जाई. लेडी जेन ग्रे हिच्याबरोबर १५५४ साली ज्याचा शिरच्छेद झाला, त्या तिच्या पतीचे गिल्डफर्ड हे नाव त्याच्या आईच्या माहेरचेच होते. आणि विल्यम कॅमडेन या इतिहासकाराने १६०५ साली या प्रथेची आवर्जून नोंद केली.

कादंबरीकार शार्लट ब्राँटीला ही प्रथा घरातच परिचित होती, कारण तिच्या भावाचे ब्रॅनवेल हे नाव त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव होते. ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन या तिन्ही भावंडांचा मृत्यू अवघ्या आठ-नऊ महिन्यांत पाहून, त्या असह्य दुःखातही तिने जी कादंबरी पूर्ण केली, ती ‘शर्ली’ १८४९ साली प्रसिद्ध झाली. नायिकेच्या आईबापांस पुत्राची आस होती. कन्या झाली तेव्हा पुत्रासाठी योजिलेले पुरुषी कुलनामच त्यांनी तिला दिले. यॉर्कशरमधील वारसाहक्काने आलेल्या मिळकतीचा कारभार ही अविवाहित तरुणी स्वतः पाहते आणि स्वतःस कौतुकाने ‘कॅप्टन’ म्हणवते. विवाहित स्त्रीच्या स्थावराचे उत्पन्न नवऱ्याच्या स्वाधीन करणारा कायदा १८८२ पर्यंत पुरता बदलला नव्हता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या पुरुषी नावामागचे धैर्य कळते. ही नायिका शार्लटने एमिलीच्या स्वभावावर रेखिली, असे तिची चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल हिने नमूद केले आहे. मला या कादंबरीतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, की दिवंगत बहिणीस तिने येथे आरोग्य, संपत्ती आणि सत्ता, जे जे प्रत्यक्षात लाभले नाही ते सारे, अर्पण केले.

कादंबरीनंतर हे नाव मुलींस ठेविले जाऊ लागले. तथापि त्याचा सार्वत्रिक प्रसार अमेरिकेत, १९२८ साली जन्मलेल्या शर्ली टेंपल या बालनटीमुळे झाला. तिच्या बोलपटांच्या ऐन भरात, १९३५ व १९३६ या दोन्ही वर्षी, तेथील नवजात मुलींच्या नावांत शर्लीचा क्रम दुसरा होता, आणि मुलग्यांस ते नाव ठेवण्याची चाल त्यानंतर जवळजवळ मोडलीच.