पाण्याचा जमाखर्च

शेती बुडाली की दोष पावसाच्या माथी मारायचा, ही आपली जुनी खोड. हिवरेबाजारची हकिकत कळल्यापासून मला मात्र तसे म्हणवत नाही. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर पार खचले. विहिरी आटल्या, दारू बोकाळली, कर्त्या माणसांनी पुण्या-मुंबईची वाट धरली. सरकारी नोकराची तेथे बदली म्हणजे शिक्षाच!

१९८९ साली पोपटराव पवार हे एम.कॉम. झालेले तरुण गृहस्थ सरपंच झाले. डोंगरउतारावर चर खणले गेले, बंधारे पडले, झाडे लागली. पण बंधारे काय, इतर गावांतही आहेत. हिवऱ्याने आपला हातही आवरला. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, केळी नाही. पडलेला पाऊस मोजायचा, माणसांचे नि गुरांचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावर ग्रामसभेने पिके ठरवायची. पहिल्या तारखेला आपल्या घरी वाण्याचे नि दूधवाल्याचे पैसे असेच वेगळे काढतात की! उसाचा पैसा खुणावत असताना ज्वारी-कांद्यावर राहायचे, हे मला बंधाऱ्यांहून अवघड वाटते. शहरात गेलेली कितीतरी कुटुंबे मात्र याच बंधनांच्या गावात परतली, आणि पुन्हा शेतीला लागली.