पाकिटावरील इशारा आणि रुग्णाची दृष्टी

मनाच्या संयोगाशिवाय इंद्रिय विषयाचे ग्रहण करीत नाही, हा चरकोक्त सिद्धांत वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. सिगारेटच्या पाकिटास तो नेमका लागू पडतो. चकचकीत रंग, सोनेरी रेघ व नाममुद्रा मनास ओढून घेतात आणि इशारा डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून सर्व पाकिटे एकाच मळकट तपकिरी रंगाची केली. त्यामागील एक हेतू हाच होता. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेत्रगती मोजली. साध्या पाकिटावर धूम्रपान न करणाऱ्यांची व आठवड्यातून कधीतरी ओढणाऱ्यांची नजर इशाऱ्याकडे अधिक वळली. रोज ओढणाऱ्यांची मात्र नाही. आमच्या मते वैद्याने विचार करावा तो याच शेवटच्या गटाचा.

भारतात १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यास दिला आहे. (टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्यास पाकीट दिसतेच कुठे? महाराष्ट्रात सुट्या विक्रीस बंदी आली ती २०२० मध्ये.) जीर्ण कासाच्या रुग्णास आम्ही ‘किती ओढता?’ एवढेच विचारीत नाही. खिशातील पाकीट मागून घेतो, त्यावरील चित्र झाकतो आणि ते कशाचे आहे, हे विचारतो. पुष्कळांना सांगता येत नाही.